आरोमाँशची ओहोटी

बायोहून बसने आरोमाँशला पोहोचलो, तेव्हा ओहोटी लागली होती. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सहा मीटरांहून अधिक अंतर पडते. त्यामुळे तासाभरापूर्वी पाण्यात असलेल्या काळ्या काँक्रीटच्या प्रचंड पेट्यांपैकी किनाऱ्यालगतच्या पेट्यांपर्यंत ओल्या वाळूवरून चालत जाता आले. शेवाळाने माखलेल्या, कडा ढासळलेल्या या पेट्या म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्सवर दोस्त राष्ट्रांनी समुद्रमार्गे चढाई केली तेव्हा, 1944 साली ब्रिटनमधून तुकड्यातुकड्यांनी ओढून आणलेल्या कृत्रिम बंदराचे अवशेष होत.

शत्रूच्या ताब्यातील बंदर जिंकणे कठीण, तर बंदरच सोबत न्यावे, हा विचार मला आजही थक्क करतो. भरतीबरोबर वर-खाली होणारे धक्के हवेत, असे चर्चिल यांनी 1942 मध्येच लिहून कळवले होते. त्यानुसार हजारो कामगारांनी ब्रिटिश गोद्यांमध्ये पेट्या ओतल्या. सर्वांत मोठ्या पेटीचे वजन सुमारे सहा हजार टन होते. लाटा अडवण्यासाठी जुनी जहाजे मुद्दाम बुडवण्यात आली आणि खांबांवर सरकणाऱ्या धक्क्यांपासून किनाऱ्यापर्यंत तरंगते रस्ते टाकण्यात आले.

गावाच्या पूर्वेकडील कड्यावर चढून गेल्यावर या बंदराची कमान एका नजरेत दिसते. वारा इतका जोराचा होता की उभे राहणे अवघड जात होते, आणि त्या वाऱ्यातच मला हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांची आठवण झाली. चढाईसाठी ठरलेल्या 5 जूनला समुद्र खवळणार, असे त्यांनी दोस्त फौजांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांना सांगितले आणि चढाई एक दिवस पुढे ढकलली गेली. त्यानंतर, आयर्लंडच्या ब्लॅकसॉड येथील दीपगृहातून आलेल्या नोंदींसह इतर निरीक्षणे तपासून, 6 तारखेला थोडी उघडीप मिळेल असा अंदाज त्यांनी दिला. अटलांटिकवरून येणाऱ्या हवेची निरीक्षणे जर्मनांकडे तुटपुंजी होती. अशा हवेत कोणी येणार नाही, असे मानून या किनाऱ्याच्या बचावाची जबाबदारी असलेले जर्मन सेनापती रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठी घरी गेले होते. तेच आकाश दोन्ही बाजूंवर होते, पण ते एकालाच वाचता आले.

6 जूनची संधी हुकली असती, तर भरती-ओहोटीच्या हिशेबाने पुढची सोयीची तारीख 19 जूनच्या सुमारास होती. नेमके त्याच दिवशी वादळ उठले आणि ते 22 तारखेपर्यंत घोंघावत राहिले. अमेरिकी फौजा उतरल्या त्या ‘ओमाहा’ या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यावरील असेच दुसरे, अमेरिकी बंदर इतके मोडले की ते सोडून द्यावे लागले. इथले बंदर मात्र खडकांच्या आडोशामुळे तगले आणि मोडलेल्या बंदराचे सुटे भाग वापरून त्याची डागडुजी करण्यात आली.

मला याहून महत्त्वाची वाटते ती ओमाहावरची पुढची हकीकत. बंदर गमावल्यावर अमेरिकनांनी सपाट तळाची जहाजे ओहोटीला थेट वाळूवर टेकवून माल उतरवला, आणि तोही अपेक्षेहून अधिक. वादळाने त्यांचीही शेकडो जहाजे व होड्या किनाऱ्यावर फेकल्या होत्या. तरीही इतकी शिल्लक होती, कारण अमेरिकी कारखाने ती सतत बांधत होते. त्या आठवड्यात जर्मनांना मोडलेला एखादा पूल किंवा जळालेला रणगाडा भरून काढणेही जड जात होते.

संध्याकाळी भरती सुरू झाली. मी खाली उतरलो, तेव्हा माझ्या पावलांचे ठसे पाण्याखाली गेले होते आणि दूरच्या पेट्यांवर लाटा आदळून फुटत होत्या.