आधी बास ऐकू येऊ दे

छोट्या क्लबात जॅझ क्वार्टेट रंगलं नाही की खापर सोलो, म्हणजे एकट्याची फेरी, घेणाऱ्यावर फुटतं. सॅक्सोफोन, पियानो, डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम्स अशी नेहमीची चौकडी असेल, तर घोळ बहुधा खाली, बासपाशी झालेला असतो. चौघांत तोच सगळ्यात दबका. त्याचा आवाज जिथे संपतो तिथेच बाकीच्या तिघांनी थांबायचं असतं. ते जमलं नाही की बासचा अँप वाढतो, मग त्यावर मात करायला ड्रमर जोर लावतो, आणि दुसऱ्या सेटपर्यंत शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

सुरुवात मांडणीपासून. ग्रँड पियानोचं झाकण वादकाच्या उजव्या बाजूला उघडतं, म्हणून पियानो प्रेक्षकांच्या डाव्या हाताला ठेवतात. ड्रम्स उजवीकडे. उजव्या हाताच्या ड्रमरचा राइड सिंबल, म्हणजे लय धरणारी मोठी झांज, मग आपोआप पियानोच्या बाजूला येतो, आणि पियानोच्या वळणात, राइडच्या लगत बासवाला उभा राहतो. ही जागा रिवाज म्हणून ठरलेली नाही. लय चालते ती बासच्या चार ठोक्यांवर आणि राइडवर. ही दोन माणसं एकमेकांना मॉनिटर, म्हणजे वादकांसाठीच्या स्पीकरशिवाय ऐकू शकली तर निम्मं काम झालं. सॅक्सवाला पुढे उभा राहतो, पण थोडा आडवा, म्हणजे मागचे इशारे दिसतात.

बासच्या पुलाला, म्हणजे तारा पेलणाऱ्या पट्टीला, लावलेला पिझो पिकअप (कंपनं विजेत बदलणारा सेन्सर) सरळ साध्या मिक्सरमध्ये खोचू नये. त्याला निदान 1 मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो. त्याहून फार कमी मिळाला की खालचे स्वर गळतात आणि उरतो तो चिरका, प्लास्टिकसारखा आवाज. म्हणून मध्ये प्रीअँप, म्हणजे संकेत जुळवून घेणारी पेटी, हवाच. सगळ्यात खालची मोकळी तार साधारण 41 हर्ट्झची. त्याखालचं सगळं हाय-पास फिल्टरने (खालची कंपनं अडवणाऱ्या गाळणीने) कापावं, तिथे गडगडाटाशिवाय काही नसतं. पोकळ लाकडी स्टेजवर अँप जमिनीला टेकवला तर स्टेजच ढोल होतो, तेव्हा तो खुर्चीवर चढवा. एखादाच स्वर घुमत असेल तर सगळेच खालचे स्वर कमी करू नका. आधी फेज स्विच (लहरीची दिशा उलटवणारं बटण) उलटा करून पाहा, मग तेवढाच कंपनांचा पट्टा शोधून 3 ते 6 डेसिबल खाली घ्या.

रिकाम्या खोलीतल्या साउंडचेकवर फार विसंबू नये. माणसं भरली की वरचे स्वर शोषले जातात, खालचे मात्र जवळपास तसेच राहतात. दुपारी कर्कश वाटलेला सिंबल रात्री ठीक वाटतो, आणि दुपारी गोड वाटलेला बास रात्री चिखल होतो. सॅक्सला माईक लागलाच तर साधारण 30 सेंटिमीटरवरून, कर्ण्याच्या तोंडात नव्हे, कर्णा आणि कळा यांच्या मधे रोखून. कारण बरेचसे स्वर कळांखालच्या भोकांतूनच बाहेर पडतात.

सूर लावताना ट्यूनर बाजूला ठेवा, पियानो ऐका. क्लबातला पियानो नेहमीच्या 440 हर्ट्झपेक्षा उतरलेला असेल तर तोच प्रमाण. सॅक्सवाल्याने मुखनळी थोडी बाहेर ओढायची, तीही वाद्य गरम झाल्यावर, कारण तापल्यावर सॅक्स चढतो. चढलेल्या पियानोपुढे मात्र इलाज कमी. नळी आत ढकलायला मर्यादा असते.

पियानोवाल्याने डावा हात आवरायचा. बास मूळ स्वर देतोच आहे. तोच स्वर खाली पियानोवर वाजला की दोघांचा मिळून गोळा होतो. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसंचाचा, तिसरा आणि सातवा स्वर मधल्या सप्तकात पुरतो. 1952 साली सॅक्सवादक जेरी मलिगनने ट्रंपेटवादक चेट बेकरला घेऊन पियानोविना क्वार्टेट चालवलं. तिथे एकटा बास आणि दोन फुंकवाद्यं सगळी कॉर्ड्स सुचवत होती. पियानोवाल्यांनी ते रेकॉर्डिंग मुद्दाम ऐकावं. किती सोडता येतं ते कळतं.

आता वेळेचा हिशेब. 32 बारची (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) धून मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत वाजवली तर एक कोरस, म्हणजे एक आवर्तन, 48 सेकंदांचं. सुरुवातीची धून, सॅक्सचे तीन कोरस, पियानोचे दोन, बासचा एक, ड्रम्सबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण दोन कोरस आणि परत धून: दहा कोरस, आठ मिनिटं. अशा सहा धुनांत 48 मिनिटांचा सेट भरतो. बॅलडला, म्हणजे संथ धुनेला, हा हिशेब लागू नाही. 60 च्या लयीत एकच कोरस दोन मिनिटांहून जरा जास्त जातो, म्हणून अर्धा कोरस सोलो घेऊन ब्रिजपासून, म्हणजे धुनेच्या वेगळ्या मधल्या भागापासून, धून परत धरणंच शहाणपणाचं.

चार-चारच्या देवाणघेवाणीत ब्लूजचा 12 बारचा साचा हमखास फसवतो. 32 बारमध्ये चारचे आठ तुकडे पडतात, जोडी जुळते. 12 मध्ये तीनच. पहिला कोरस सॅक्सने उघडला तर पुढचा ड्रमर उघडणार, आणि दोन कोरसनंतरच वर्तुळ पूर्ण. हे आधी बोललेलं नसेल तर दुसऱ्या कोरसच्या समेवर दोघेही एकदम घुसतात, नाहीतर दोघेही गप्प.

चुकण्याची दुसरी जागा म्हणजे एएबीए बांधणी: ए हा भाग दोनदा, मग बी हा ब्रिज, मग पुन्हा ए. शेवटच्या ए नंतर पुढच्या कोरसचे दोन ए येतात, म्हणजे ओळीने तीन. डुलकी लागली की यातला कितवा हे सांगता येत नाही. अशा वेळी स्वर कमी करा, बास ऐका आणि ब्रिजची वाट पाहा. तो चुकवता येत नाही. बाकीच्यांकडे बघून खांदे उडवू नका, प्रेक्षकांना तेवढंच कळतं.

बासच्या सोलोत ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश घ्यावेत किंवा नुसता हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या दोन झांजा) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बंद करावा. पियानो जवळपास गप्प. गप्पांचा गलका याच वेळी वाढतो. उत्तर म्हणून अँप वाढवायचा मोह टाळा.

इशारे थोडेच: डोक्यावर हात म्हणजे धून परत, चार बोटं म्हणजे चार-चार. शेवटी टॅग. शेवटचे चार बार सहसा तीनदा, आपल्या तिहाईसारखे, पण तीनच असं लिहून ठेवलेलं नाही. आधी ठरलं नसेल तर बासकडे कान द्या. तो षड्जावर उतरला तर संपलं. गंधारावर गेला तर अजून एक फेरी आहे.