दोन कॉलेजं, दोन टोकं

दोन मेडिकल कॉलेजांपैकी कुठे प्रवेश घ्यायचा ते ठरवायचंय, म्हणून आज दिवसभर दोन्हीकडच्या सीनियर्सना फोन करून पिडलं. महानगरातल्या कॉलेजात एमआरआय, प्रत्यारोपण, दुर्मीळ आजार सगळं आहे. पण प्रसूतीच्या टेबलापाशी आधी पीजीवाले (पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर), मग इंटर्न, आणि विद्यार्थी पार मागे टाचा उंचावून! दूरच्या छोट्या गावातल्या कॉलेजात सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, अपघात थेट समोर येतात, टाके घालायलाही लवकर मिळतं म्हणे. न्यूरोसर्जन मात्र नाही, पेशंट पुढे पाठवावा लागतो. (आधी त्याला स्थिर करणं हेही शिकणंच की!) नातेवाईक फक्त रँकिंग विचारतात. डिसेक्शनला (मृतदेहाच्या विच्छेदनाला) एका टेबलाभोवती किती विद्यार्थी, हे कुणीच विचारत नाही. माझं मन गावाकडे झुकतंय. फी भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, तोवर बदललं तर बदललं.