साक्रीची पवनचक्की मुगेनमध्ये: पाती एकदाची फिरली

मुगेन या मोफत फायटिंग गेम इंजिनासाठी मी एक स्टेज, म्हणजे लढाईचं मैदान बनवतोय. मागच्या अपडेटला नुसतं गवत आणि मागचे डोंगर दाखवले होते. या आठवड्यात पवनचक्की उभी राहिली. खरं सांगायचं तर तीनदा उभी केली, दोनदा पाडली.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. कल्पना सुपर स्मॅश ब्रदर्स (थोडक्यात स्मॅश) या निन्टेन्डोच्या फायटिंग गेममधल्या विंडी हिल झोन या स्टेजवरून सुचली. सॉनिक लॉस्ट वर्ल्ड या गेममधलं (२०१३) हे हिरवंगार मैदान २०१४ला वी यू कन्सोलच्या स्मॅशमध्ये आलं, २०१८च्या अल्टिमेटमध्येही आहे. तिथं फिरत्या चक्कीवर उभं राहून हाणामारी करता येते. मुगेनच्या स्टेजला जमीन एकच आणि सपाट, त्यामुळे आपली चक्की फक्त मागे फिरणार. मग निदान बघण्यासारखी तरी हवी ना! आणि पवनचक्की म्हटलं की आपल्याला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेलचं पठारच आठवणार: पांढरे उंच खांब, तीन लांब पाती.

तीन पात्यांचा फायदा असा की १२० अंश फिरलं की चित्र पुन्हा तेच. मी अजून मुगेनच्या १.० आवृत्तीवरच आहे, तिथं अॅनिमेशनला कोन देता येत नाही, म्हणून १०-१० अंशांवर प्रत्येक फ्रेम हातानं काढली. एका फ्रेमला ५ टिक (टिक म्हणजे मुगेनचं वेळ मोजायचं एकक). सेकंदाला ६० टिक, म्हणजे पूर्ण फेरा ३ सेकंदांत, मिनिटाला २० फेरे. डोळ्याला बरोबर वाटतो हा वेग.

पण दर सेकंदाला पाती उचकी लागल्यासारखी अडखळायची. दोन रात्री डेफ फाइल (स्टेजची सगळी मांडणी लिहिलेली फाइल) उकरत बसलो, त्यात एकदा लाईट गेली आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलं. चूक निघाली त्याच फाइलमधल्या अॅनिमेशनच्या यादीत. मी ०पासून १२०पर्यंत १३ फ्रेम टाकल्या होत्या. शेवटची म्हणजे पहिलीचीच जुळी बहीण, त्यामुळे तेच चित्र १० टिक थांबायचं. ती काढली, १२ राहिल्या, उचकी गेली.

खुश होऊन मामांना दाखवलं. त्यांचं शेत तिकडेच आहे, दिवसभर चक्क्या समोर. दोन मिनिटं बघून म्हणाले, "भाचा, हाऊ वारा कथाईन ई ऱ्हायना रे?" (हा वारा कुठून येतोय रे?)

झालं! माझं गवत उजवीकडे झुकलेलं, ढगही उजवीकडे चाललेले, आणि चक्कीचं तोंड सरळ आपल्याकडे. चक्की वाऱ्याकडे तोंड करते. म्हणजे तिच्या हिशेबानं वारा आपल्या पाठीमागून यायला हवा. मुगेनमधल्या पोरांना याचं काय पडलंय, पण मला ते दिसायला लागलं की दिसतच राहतं. सगळ्या फ्रेम आडव्या दाबून ६० टक्के रुंद केल्या, तोंड डावीकडे वळवलं, पात्यांमागची यंत्राची पेटी खांबाच्या उजव्या बाजूला काढली. आता आडवं आलेलं पातं आखूड दिसतं, उभं लांब.

पुढच्या गवताला लेअर नंबर १ दिलाय, म्हणजे ते खेळाडूंच्या पुढ्यात येतं. आधी गुडघ्याएवढं होतं. झकास दिसायचं, पण खाली बसून मारलेली लाथ दिसेना आणि मित्र दर राउंडला तक्रार करायचा. कापून घोट्याएवढं केलं. डोंगरांचा डेल्टा (कॅमेरा सरकला की ते चित्र किती सरकणार तो आकडा) ०.२, चक्कीचा ०.३५.

रंग भादव्यातला ठेवलाय. आपल्याकडे एवढं हिरवं नवरात्रापर्यंतच टिकतं, मग कुसळं पिवळी पडतात. पिवळी आवृत्ती मनात आहे, पण त्यावर पांढरी चक्की जास्त उठून दिसेल आणि लक्ष लढाईवरून उडेल, म्हणून आत्ता नको.

ढगांच्या टाइलची (शेजारी-शेजारी जोडलेल्या त्याच चित्राची) शिवण अजून दिसतेय. तेवढी बुजली की फाइल टाकतो.