दुकानात चालू, घरी बंद

ती पावती मी अजून टाकलेली नाही. गुलाबी कागद, कार्बनचा निळा डाग, तक्रारीच्या रकान्यात 'कधी कधी स्टार्ट होत नाही' आणि त्यावर लाल बॉलपेनने तिरकं 'ओके'. तो 'ओके' घेऊन मी कॉम्प्युटर घरी आणला, दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला बटण दाबलं, तर पंखा अर्धा वेढा फिरला आणि थांबला.

मी भांडुपला घरीच डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देते. पावसाळ्यात मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल, मग दिवाळीच्या जाहिराती, मग लग्नपत्रिका. कॉम्प्युटर २०१३ चा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच-६१ चा मदरबोर्ड, चार-चार जीबीच्या दोन रॅम, विंडोज सेव्हन. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला विंडोज सेव्हनवरून हात काढून घेतला, तेव्हापासून मी त्याची नेटची वायरच काढून ठेवली आहे. मुलगा पुण्याहून दर फोनला सांगतो, "आई, फेकून दे तो डबा." त्याला काय जातंय? माझं पेजमेकर, पानं लावायचं सॉफ्टवेअर, त्यात आहे. वीस वर्षांचा मॅटर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. तो दुसऱ्या मशीनवर उघडला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस आणि टक्क्याची चिन्हं येतात. आणि त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (ते जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) लागतं जुन्या प्रिंटरच्या पोर्टला, पंचवीस भोकांच्या त्या गुलाबी पोर्टला. आजच्या नव्या मदरबोर्डवर ते पोर्ट मिळवून दाखवा.

दुखणं असं होतं. सकाळी बटण दाबावं तर काहीच नाही, किंवा पंखा थरथरून गप्प. पाच-दहा वेळा दाबून, थोडं थांबून, पुन्हा दाबून, कधीतरी एकदम लागायचा. एकदा लागला की रात्रीपर्यंत बिनतक्रार. रीस्टार्टसुद्धा नीट.

घरचे उपाय मी सगळे केले. स्पाइक गार्डमधून काढून वायर थेट भिंतीत लावली. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, मग एकेक रॅम लावून पाहिली. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा चपटा सेल बदलला, कारण तारीख सारखी मागे जात होती (तो सेल खरंच मेला होता, पण त्याचा या दुखण्याशी संबंध नव्हता). पुढच्या बटणावर संशय आला म्हणून त्याच्या दोन तारा मदरबोर्डवरून काढल्या आणि त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून पाहिल्या. बटण निर्दोष निघालं. गंमत म्हणजे प्रत्येक उपायानंतर कॉम्प्युटर चालू व्हायचा! खोडरबराने घासलं, चालू. सेल बदलला, चालू. मी घरात जाहीर करायची की झालं एकदाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

मध्ये सासूबाई चिपळूणला गेल्या होत्या चार दिवस. त्या चारही दिवस पहिल्या फटक्यात चालू. त्या आल्या आणि तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याला हसत म्हटलं, "आई आल्या की हा रुसतो." दोघंही हसलो. तेव्हाच डोकं चालवलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं.

मंडळाच्या मुलांचे "काकू, पावतीपुस्तकं कधी?" असे फोन सुरू झाले, तेव्हा मी कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठायचं ठरवलं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटला 'सीपीयू' म्हणतात, तर तो सीपीयू आधी प्लॅस्टिकमध्ये, मग जुन्या चादरीत बांधून, साडेअकराच्या स्लो गाडीने दादर, पूल चढून पश्चिम रेल्वे, तिथून ग्रँट रोड. सकाळी नऊच्या गर्दीत हे करायला जाऊ नका. आणि न्यायच्या आधी कॅबिनेट उघडून आतल्या सगळ्या वायरींचे मोबाइलवर फोटो काढा. मी काढले नव्हते.

आता दुकान. नाव घेत नाही. गाळा अरुंद, काउंटरवर तीन पोरं, आत एक माळा आणि माळ्यावर 'टेक्निशियन'. माझ्या आधी एक जण लॅपटॉपचा कीबोर्ड घेऊन उभा होता. पोराने माझा सीपीयू विजेच्या बोर्डाला लावून ठेवला आणि आधी त्याचं काम उरकलं. वीस-पंचवीस मिनिटांनी माझ्याकडे वळला, बटण दाबलं. चालू!

"मॅडम, ये तो चालू है."

म्हटलं, सकाळी होत नाही. कधी कधी होत नाही.

"सकाळी?" त्याने शेजारच्याकडे पाहिलं. पावतीवर लिहिलं ते वर सांगितलंच. सकाळचं काही लिहिलं नाही. सकाळी होत नाही, हा एवढाच कामाचा शब्द माझ्याकडे होता आणि तोच पावतीत उतरला नाही. म्हणून सांगते, दुकानात द्याल तेव्हा कधी होत नाही, किती वेळ बंद राहिल्यावर होत नाही, हे आपल्या हाताने कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा. काउंटरचा पोरगा आणि माळ्यावरचा माणूस यांची गाठ पडतेच असं नाही.

पहिला मुक्काम सहा दिवसांचा. फोन केला की "टेक्निशियन जेवायला गेलाय", "आज माल आलाय, उद्या बघतो". सहाव्या दिवशी म्हणाले, घेऊन जा, ओके आहे. चेकिंगचे तीनशे रुपये. काय केलं विचारलं, तर "सर्व्हिसिंग केली". मी घरी आणला, लावला, चहा ठेवला, चहा पिऊन बटण दाबलं, चालू. रात्री अकरापर्यंत एका अहवालाची चाळीस पानं लावली. त्या रात्री मला अगदी शांत झोप लागली.

सकाळचं वर सांगितलंच आहे.

दुसऱ्यांदा नेताना मी भांडायच्या तयारीत होते. तेरा दिवस ठेवला त्यांनी. तेरा! नवव्या दिवशी निदान आलं: मदरबोर्ड वीक झालाय. बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून साडेनऊ हजार. मी विचारलं, पंचवीस भोकांचं पोर्ट असेल ना त्यावर? पलीकडे शांतता. मग, "मॅडम, वो कौन लगाता है आजकल?" मी लावते. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा डबा, तपासलात का विचारलं. "हो हो, हिरवी वायर काळीला जोडून बघितली, पंखा फिरतो, एसएमपीएस ओके." ही परीक्षा सगळेच करतात आणि ती खोटी नाही, पण तिच्यातून एवढंच कळतं की पंखा फिरतो. त्याच्यावर मदरबोर्डचं ओझं नसतं. आणि त्या वेळी तो एसएमपीएस कित्येक तास विजेच्या बोर्डाला लावलेला होता, हे तर कोणाच्याच लक्षात नाही.

तेराव्या दिवशी मी आगाऊ न कळवता गेले आणि सरळ माळ्यावर चढले. लोखंडी शिडी, वर वाकून उभं राहावं लागतं. टेबलामागे लाकडी पट्टीवर ओळीने दहा-बारा सॉकेट, प्रत्येकाचा लाल दिवा लागलेला, आणि मुख्य बटणावर सेलोटेपने चिकटवलेला कागद: 'बंद करू नये'. खाली कोपऱ्यात माझा सीपीयू, वायर लावलेली. वर धूळ बसली होती. तो पोरगा खाली वाकला, बटण दाबलं, चालू. "देखो."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. बंद करू नये. आणि मला सासूबाई आठवल्या. झोपायच्या आधी त्या घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करतात. टीव्ही, मिक्सर, चार्जर, माझा कॉम्प्युटर. लाइट बिल हे एक कारण आणि 'रात्री विजेला कशाला जागं ठेवायचं' हे दुसरं. चिपळूणला गेल्या तेव्हा कोणी बंद केलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं, वायर काढून रात्रभर ठेवा, सकाळी लावल्या लावल्या बटण दाबा. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी फ्रिजचं दार उघडं ठेवायला सांगतेय. "मॅडम, निकाल के रखेंगे तो चालू कैसे होगा?" माझ्या समाधानासाठी त्याने वायर एक मिनिट काढली, परत लावली, बटण दाबलं. चालू. माळ्यावरचे तिघेही हसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीपीयू घेऊन निघाले. दुकानापासूनच ग्रँट रोड स्टेशनपर्यंत टॅक्सी केली, दादरला लगेजच्या डब्यात चढले. एक कोळीण आपली पाटी सरकवत म्हणाली, "बाय, वर धर ते, आमच्या बर्फाचं पाणी गळतंय." अख्ख्या एकोणीस दिवसांत त्या मशीनची काळजी केलेली ती पहिली व्यक्ती.

पुढचं पटापट झालं. पहिल्या रात्री सासूबाईंना सांगून भिंतीचं बटण चालू ठेवलं: सकाळी पहिल्या फटक्यात. दुसऱ्या रात्री बंद: सकाळी बंद. तिसऱ्या रात्री चालू, चौथ्या रात्री बंद. तेच उत्तर. अडीचशे रुपयांचा मल्टीमीटर आणला. एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणाऱ्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये एक जांभळी वायर असते. भिंतीचं बटण चालू केलं की कॉम्प्युटर बंद असतानाही तिच्यावर पाच व्होल्ट यायला हवेत, चार पूर्णांक पंच्याहत्तरच्या खाली नाहीत. समोरचं बटण याच विजेवर जागं असतं. मल्टीमीटरची काळी तार कॅबिनेटच्या पत्र्याला, लाल तार कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरीच्या भोकात. सकाळी सात वाजून दहा मिनिटं: ३.७. दहा मिनिटांनी ४.३. पंचवीस मिनिटांनी ४.९, आणि बटण दाबलं की चालू.

म्हणजे माझं खोडरबर, सेल, स्क्रू ड्रायव्हर, कशानेच काही झालं नव्हतं. मी खटपट करत असताना वेळ जात होता, आणि तेवढ्यात एसएमपीएस गरम होत होता. आतल्या कॅपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या छोट्या भागामधला) द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो. थंड असताना असा कॅपॅसिटर नीट काम करत नाही, जरा तापला की करतो. जांभळ्या वायरीचा भाग कॉम्प्युटर बंद असतानाही चालूच राहतो, म्हणून बऱ्याचदा तोच आधी दगा देतो. साध्या कॅपॅसिटरचं आयुष्य कंपनीच्या माहितीपत्रकात १०५ अंशांना दोन हजार तास असं दिलेलं असतं. थंड राहिला तर कित्येक पटींनी टिकतो, पण माझ्या मशीनला बारा वर्षं झाली होती आणि आत धुळीची गोधडी होती. दुकानात तो कधी थंडच झाला नाही.

एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज बराच वेळ राहतो. मी अख्खा बदलला, भांडुपलाच घेतला, एकवीसशे रुपये. सहाशेवालेही होते. हातात घेऊन बघा, हलका लागला तर घेऊ नका. मागचे चार स्क्रू, चोवीस पिनांचा कनेक्टर, प्रोसेसरजवळचा चार पिनांचा (हा विसरला की पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, मी विसरले होते), हार्ड डिस्कचा. अर्धा तास.

पावतीपुस्तकं तीन रात्री जागून दिली. मंडळाच्या मुलांनी पेढे आणले, ते सासूबाईंनी आधी कॉम्प्युटरपुढे ठेवले. त्या अजूनही रात्री सगळी बटणं बंद करतात. मी आता त्यांना काही सांगत नाही.

गौरी विसर्जनाच्या दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर त्याच दुकानाचा. तोच पोरगा, आवाज अगदी खूश.

"मॅडम, आपका सीपीयू रेडी है. कब ले जाएँगे?"