परवाना राज्याचा, ग्रीन कार्ड केंद्राचं

गांजाच्या धंद्याचे हिशेब बघणारी सीपीए, म्हणजे अमेरिकेतली परवानाधारक हिशेबनीस, म्हटलं की आपल्या मंडळींच्या भुवया अजूनही वर जातात. न्यू जर्सीत मतदारांनी नोव्हेंबर 2020मध्ये कौल दिला, फेब्रुवारी 2021मध्ये कायद्यावर गव्हर्नरांची सही झाली आणि 21 एप्रिल 2022पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दुकानात जाऊन रीतसर गांजा विकत घेता येऊ लागला. तेव्हापासून परवान्याचे अर्ज, मालकीचे तक्ते, पैसा कुठून आला याचे पुरावे, अशी कामं माझ्याकडे वाढत गेली. हे काम मला आवडतं, आणि त्यातली माणसं जपावी लागतात हेही मला माहीत आहे. त्यातली एक केस सांगते, कारण ती आपल्या लोकांपर्यंत पोचायलाच हवी.

मिडलसेक्स काउंटीत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, मूळचे कोल्हापूरकडचे. एक छोटा शॉपिंग प्लाझा त्यांच्या मालकीचा. त्यात किराण्याचं दुकान, सलून, पिझ्झावाला आणि कोपऱ्यात बँकेची बंद पडलेली शाखा. डिस्पेन्सरी, म्हणजे गांजाचं परवानाधारक दुकान, काढणारे लोक अशा जुन्या बँका शोधतच असतात. तिजोरीची खोली तयार, भिंती जाड, पार्किंग भरपूर. काकांकडे विचारणा घेऊन आला तो ट्रेंटनमध्ये वाढलेला एक चाळिशीतला माणूस. विशीत गांजा विकताना तो पकडला गेला होता, शिक्षाही झाली होती. न्यू जर्सीच्या कायद्यानं ज्यांना गांजाबंदीची झळ बसली त्यांच्या अर्जांना प्राधान्य दिलं आहे, त्यामुळे इतकी वर्षं नोकऱ्या हुकवणारी ती नोंद आता त्याच्या अर्जाच्या कामी येणार होती. बहुमताची मालकी त्याची, थोडा वाटा त्याच्या बहिणीचा, तीस टक्के काकांचे, आणि जागाही काकांची. टाउनशिपनं डिस्पेन्सरीला परवानगी दिलेली होती. अर्ज थेट वार्षिक परवान्यासाठी करायचा ठरला.

2023च्या हिवाळ्यात सगळे माझ्या ऑफिसात बसलो. काकू डबा घेऊन आल्या होत्या. काकांचा सूर सुरुवातीपासून एकच होता. ‘अगं, एवढी कागदपत्रं कशाला? माझ्या पुतण्यानं तिकडे ओक्लाहोमात, टल्सात अडीच हजार डॉलर भरले आणि लायसन्स घेतलं. दोन आठवड्यांत कागद हातात!’

पुतण्याबद्दल ते खरंच सांगत होते. ओक्लाहोमात जून 2018मध्ये स्टेट क्वेश्चन 788 हा प्रस्ताव मतदानानं मंजूर झाला तेव्हा परवान्यांना मर्यादाच ठेवली नव्हती. फी अडीच हजार डॉलर, पंचाहत्तर टक्के मालकी राज्यातल्या रहिवाशांची हवी, शाळेपासून हजार फूट लांब हवं, आणि गावांना झोनिंगच्या नावाखाली दुकानं अडवता येणार नाहीत. परवाना फक्त वैद्यकीय वापरासाठीचा, पण कुठल्या आजारावर याची यादीच कायद्यात नव्हती, सगळं डॉक्टरवर सोडलेलं. बघता बघता त्या राज्यात दोन हजारांवर डिस्पेन्सऱ्या झाल्या. शेवटी ऑगस्ट 2022पासून नवे परवाने थांबवावे लागले. शेतं भाड्याच्या माणसांच्या नावावर आणि खरे मालक भलतेच, अशी प्रकरणं तिथे कोर्टात गेली.

मी काकांना म्हटलं, ‘पुतण्या फ्लोरिडात असता तर त्याला दुकान एकट्यानं काढताच आलं नसतं.’ तिथे वैद्यकीय गांजासाठी एकाच कंपनीनं बी लावायचं, पीक घ्यायचं, तेल काढायचं आणि विकायचंही, असा नियम. परवान्याच्या नूतनीकरणालाच दहा लाखांहून जास्त डॉलर. वॉशिंग्टन राज्यात बरोबर उलट. जो पिकवतो त्याला विकायचा परवाना मिळत नाही. इलिनॉयमध्ये पंचाहत्तर दुकानांसाठी गुणांची स्पर्धा लावली, पैकीच्या पैकी गुण मिळालेले गट निघाले एकवीस, आणि मग कोर्टकज्जे होऊन पुढच्या सोडती 2021पर्यंत लांबल्या. झाड तेच आहे. पण एका राज्यात पिकलेला माल शेजारच्या राज्यात नेता येत नाही, दोन्हीकडे विक्री कायदेशीर असली तरीही. त्यामुळे प्रत्येक राज्यानं आपापलं बियाणं, आपापली प्रयोगशाळा आणि आपापलं कार्यालय उभं केलं.

न्यू जर्सीत तर प्रश्न राज्यावर संपतही नाही. 21 ऑगस्ट 2021पर्यंत प्रत्येक गावाला ठरवायची मुभा होती, आणि बहुसंख्य गावांनी दारं लावून घेतली. ज्यांनी उघडी ठेवली त्यांनी किती दुकानं, कुठल्या रस्त्यावर, किती वाजेपर्यंत, हे स्वतःच्या वटहुकमात लिहिलं. विक्रीवर दोन टक्क्यांपर्यंत कर गावाचा. गावाच्या कौन्सिलचा पाठिंब्याचा ठराव नसेल तर राज्याच्या गांजा आयोगाकडे वार्षिक परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. काकांच्या प्लाझासमोरचा रस्ता ओलांडला की दुसरी टाउनशिप लागते, तिथे बंदी. हे मी नकाशावर दाखवलं तेव्हा काका पहिल्यांदा गप्प झाले.

मग आम्ही मालकांच्या वैयक्तिक माहितीच्या फॉर्मकडे वळलो. प्रत्येक मालकानं बोटांचे ठसे द्यायचे, जुने पत्ते, नोकऱ्या, कर्जं, खटले, सगळं लिहून द्यायचं. ओळखीसाठी काकांनी पिशवीतून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. निळा, तीन सिंहांचा. मधे ग्रीन कार्ड. आणि त्याच पानात घडी घातलेलं एक पत्र होतं, नागरिकत्वाचा अर्ज पोचल्याची पावती. इतकी वर्षं भारतीय पासपोर्ट सोडायला त्यांचं मन होत नव्हतं. मुलीनं पाठपुरावा करून त्या वर्षी अर्ज भरायला लावला होता.

मी फॉर्म बंद केला आणि म्हटलं, ‘काका, आज सही नको.’

कारण असं आहे. राज्यानं काहीही ठरवलं तरी 1970च्या केंद्रीय कायद्यात गांजा पहिल्या परिशिष्टात, म्हणजे हेरॉइनच्या रांगेत होता. आणि नागरिकत्व देणं हे काम राज्याचं नाही. केंद्राच्या इमिग्रेशन खात्यानं 19 एप्रिल 2019ला धोरण जाहीर करून ठेवलं आहे की राज्याच्या परवान्यानं गांजाचा व्यवसाय किंवा नोकरी केली तरी ती ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकते. त्यासाठी अटक लागत नाही, खटला लागत नाही. नागरिकत्वाच्या फॉर्मवर प्रश्न असतो की तुम्ही कधी नियंत्रित द्रव्याचं उत्पादन, वाटप किंवा विक्री केली आहे का. खरं उत्तर दिलं तर कबुली, खोटं दिलं तर वेगळा गुन्हा. आणि राज्याच्या त्या अर्जावर काकांनी ठसे देऊन तीस टक्के मालकी लिहून दिली असती.

इमिग्रेशनच्या एका वकीलबाईंना मी स्पीकरवर घेतलं. हे माझं क्षेत्र नव्हे, आणि अशा वेळी अंदाजानं बोलणं पाप आहे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याहून कडक उत्तर दिलं. नागरिकत्व नाकारलं जाईल हा त्यातला लहान धोका, असं त्या म्हणाल्या. अमली पदार्थांच्या व्यापारात हात आहे असं मानायला जागा आहे, एवढं अधिकाऱ्याला वाटलं तरी ग्रीन कार्डधारकाला देशात प्रवेश नाकारण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणजे गणपतीला कोल्हापूरला जाऊन परत येताना नेवार्कच्या विमानतळावर अडकायची वेळ येऊ शकते.

इतका वेळ मुकाट ऐकणाऱ्या काकूंनी विचारलं, ‘माझी तर सही कुठेच नाही. मला काय होणार?’

काकूही ग्रीन कार्डावर. वकीलबाई क्षणभर थांबल्या. त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की नवरा, बायको किंवा मुलांनी मागच्या पाच वर्षांत त्या पैशाचा फायदा जाणूनबुजून घेतला असेल तर त्यांनाही तोच नियम लागू होतो. घरचं खातं दोघांच्या नावावर. काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि काकांकडे बघितलं. त्या बघण्यात ‘नको’ होतं, ते सगळ्यांना समजलं.

ट्रेंटनचा तो माणूस बराच वेळ हात बांधून बसला होता. तो म्हणाला, ‘मला बेड्या पडल्या होत्या आणि मला पुढची रांग मिळते. यांना साधा पार्किंगचा दंड नाही, आणि यांनी सही केली तर घर जाईल?’ त्याच्या आवाजात राग होता, आणि तो काकांच्या बाजूनं होता. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. त्याला मिळालेलं प्राधान्य योग्यच आहे, त्याची विशी त्या कायद्यानं खाल्ली होती. पण काकांनी काय वाईट केलं होतं? जे राज्य दोन्ही हातांनी कर घेतं, ते अर्जाच्या वर ठळक अक्षरात एवढंही लिहीत नाही की नागरिक नसाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

काकांनी शेवटचा मार्ग विचारला. ‘वाटा नको, मी नुसतं भाडं घेतो.’ तोही दरवाजा बंद होता. अमली पदार्थांच्या धंद्याला जाणूनबुजून जागा देणं हा केंद्रीय कायद्यानं वेगळा गुन्हा आहे. शिवाय त्यांच्या प्लाझाच्या कर्जाचा करार मी काढून बघितला. जागेत कुठल्याही केंद्रीय कायद्याचा भंग होऊ देणार नाही, अशी अट त्यात होती, आणि तसं झाल्यास पूर्ण कर्ज एकदम परत मागायचा बँकेला हक्क. असे करार सही करताना कुणी वाचत नाही, म्हणून ते पान मी त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं.

त्या संध्याकाळी काका भागीदारीतून बाहेर पडले. राज्याकडे एकही कागद गेलेला नव्हता, त्यामुळे नावाची नोंद कुठे राहिली नाही. भागीदाराला मात्र नवी जागा शोधायला लागली, नवा ठराव, नव्यानं झोनिंग. पुढच्या वर्षी एका दुसऱ्या गावात त्याचं दुकान उघडलं. त्याचे हिशेब मी बघते. न्यू जर्सीनं 2023 साली कायदा बदलला, त्यामुळे राज्याच्या रिटर्नमध्ये त्याला भाडं आणि पगार खर्चात धरता येतात. केंद्राच्या रिटर्नमध्ये आयकर कायद्याचं कलम 280ई आडवं येतं, तिथे मालाची किंमत सोडून काहीच वजा होत नाही. एकाच दुकानाचे दोन नफे निघतात, आणि केंद्राचा कर भरायचा तो मोठ्या नफ्यावर.

मे 2024मध्ये गांजा तिसऱ्या, म्हणजे तुलनेनं सौम्य परिशिष्टात हलवायचा प्रस्ताव केंद्रानं मांडला, तेव्हा काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ती बातमी पाठवली. खाली एकच शब्द, ‘आता?’ मी फोन करून सांगितलं की तिसऱ्यात गेला तर दुकानदाराची 280ईतून सुटका होईल, पण इमिग्रेशनच्या कायद्याला परिशिष्टाचा आकडा महत्त्वाचा नाही. नियंत्रित द्रव्य ते नियंत्रित द्रव्यच.

त्यानंतर ओळखीतल्या एका पुण्याच्या मुलीला मॅसॅच्युसेट्समधल्या गांजा तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. रसायनशास्त्रात एमएस, एच-1बी व्हिसाची वाट बघत असलेली, पगार उत्तम. तिच्या आईनं मला विचारलं कारण काकूंनी तिला माझा नंबर दिला होता. मी वकीलबाईंचा नंबर पुढे केला. मुलीनं औषध कंपनीतली कमी पगाराची नोकरी घेतली.

काकाकाकूंचा शपथविधी त्याच वर्षी झाला. काका फोटो घेऊन ऑफिसात आले आणि खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले, ‘आता नागरिक आहे. काढ तो फॉर्म.’ मी टाउनशिपचा वटहुकूम काढला. गावात दोनच दुकानांना मुभा, आणि दोन्ही परवाने तोवर गेले होते. कर्जाच्या करारातली अटही जागेवरच होती. काकांनी विचारलं, कर्ज कधी फिटतं ते बघ. मी बघून तारीख सांगितली, त्यांनी ती डायरीत लिहून घेतली. सध्या त्या जुन्या बँकेत मुलांचं गणिताचं क्लासेसवालं दुकान आहे, भाडं दरमहा वेळेवर येतं.