जंबो फ्रेट, बापाचा हात आणि लेकीचा हात

गिटारच्या फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या काड्या, बदलायच्या असल्या की पोरं आधी व्हिडिओ बघून येतात आणि सरळ सांगतात, मेस्त्री, जंबो टाका, स्टीलच्या टाका. जंबो म्हणजे मोठ्या मापाच्या. का म्हणून विचारलं तर चांगल्या असतात म्हणून. अहो फ्रेटच्या साइजमध्ये चांगली वाईट असं काही नसतं, ती कोणाच्या हाताखाली जाणार आहे ते बघायचं असतं. हे तोंडाने सांगून कोणाला पटत नाही म्हणून गेल्या पावसाळ्यातली एक केस लिहितोय.

मी सावंतवाडीला असतो, घरात लाकूडकाम पहिल्यापासून, मधे काही काळ मिरजेला सतारवाल्यांच्या हाताखाली होतो, आता गिटार, मेंडोलिन, पेटी जे येईल ते करतो. जुलै होता. १ जून ते ३१ जुलै बोटींची मासेमारी बंद असते ना, त्यामुळे त्या दिवसांत किनाऱ्यावरची वाजवणारी माणसं दुकानात हमखास येतात, एरवी त्यांना वेळ कुठे असतो. तसाच वेंगुर्ल्याकडचा एक बोटीवरचा खलाशी आला, चर्चच्या कॉयरमध्ये गिटार वाजवतो, पन्नाशीचा असेल. गिटार कलकत्त्याची जुनी, आवाज अजून छान मोकळा. फ्रेट झिजल्या होत्या म्हणून शहरातनं नवीन बसवून आणल्या आणि तिथून सगळं बिनसलं.

"मेस्त्रीनू, हिका काय झाला तां बघा. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर दाखयता, पण कॉर्ड धरलो की बेसूर. फादरनी पण सांगल्यानी."

मी आधी नटवर, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या तुकड्यावर, संशय घेतला, कारण नट उंच असला की पहिल्या तीन-चार फ्रेटवर सूर चढतोच. कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, परत ट्यून केलं, म्हणजे नटचा विषयच संपला, तरी त्याने कॉर्ड धरल्यावर तेच. मग तारा होत्या त्याच जाडीच्या नवीन घातल्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर, आणि दाबलेला सूर मी स्वतः ताडून बघितला तर दोन्ही जवळजवळ सारखे. पावसाळ्यात आमच्याकडे लाकूड ओल खाऊन फुगतं, गिटारचं पोट वर येतं आणि तारा उंच होतात, तेही बघितलं, थोडं होतं पण एवढा फरक पडण्यासारखं काहीच नाही.

मग कॅलिपर लावला. फ्रेट २.८ मिलिमीटर रुंद आणि १.४ उंच, म्हणजे पक्की जंबो, आणि स्टेनलेस स्टीलची. अशा जुन्या अकॉस्टिकवर मूळची फ्रेट साधारण २ रुंद आणि १.१ उंच असायची. उंचीत फरक किती, तर ०.३ मिलिमीटर, एका व्हिजिटिंग कार्डाएवढा. ऐकायला काहीच नाही वाटत, पण बोटाला हा फरक लगेच कळतो.

त्याला म्हणलं, दादा, तुम्ही नुसतं वाजवा, ट्यूनर मी बघतो. पाचव्या तारेवर तिसरी फ्रेट, सी चा सूर, १५ ते २० सेंट वर. एका सेमीटोनचे १०० सेंट असतात, त्यातले २० म्हणजे कानाला सरळ खटकणार. मग तोच सूर मी दाबला तर जागेवर. परत त्याने दाबला तर परत वर. तेवढ्यात त्याची लेक आली, बाजारात गेली होती, बारावीला असेल, तीही हीच गिटार वाजवते. तिच्या हातात दिली आणि तिने सी, एफ, जी असं सगळं वाजवलं, अगदी सुरात, ट्यूनरवर २-३ सेंट इकडे तिकडे. तीच गिटार, त्याच तारा, तोच बाकडा. बाप बघतच राहिला.

लेक म्हणाली, "पप्पा, तुम्ही दोर ओढल्यासारखे दाबतास."

खरंच तसं होतं. त्याचे हात बघितले की कळतं, सगळी हयात जाळं ओढण्यात गेलेली, बोटांच्या टोकांना घट्टे. त्याने तार धरली की ती फ्रेटला टेकून थांबतच नाही, पुढे लाकडापर्यंत खाली जाते. फ्रेट बुटकी असेल तर बोट लाकडावर लवकर टेकतं, कितीही जोर लावा तार फार खाली जायला जागाच नाही. फ्रेट उंच असेल तर खाली जागा मोकळी, तार जितकी खाली दबेल तितकी ताणली जाते, ताण वाढला की सूर वर. जुन्या फ्रेट झिजून बुटक्या झालेल्या, त्यावर त्याचा जोर इतकी वर्षं लपून राहिला होता आणि नव्या फ्रेटनी तो एका दिवसात उघडा पाडला.

उंच फ्रेट वाईट असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. सतारीचे पडदे बघा, तार लाकडाला लागतच नाही, म्हणून तर ओढून मींड काढता येते. इलेक्ट्रिक गिटारवर बेंड करणाऱ्याला म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवणाऱ्याला, व्हायब्रॅटो म्हणजे सुराला कंप देणाऱ्याला उंच फ्रेट म्हणजे सुख, बोट लाकडावर घासत नाही, तार नीट पकडीत येते. फक्त हात हलका हवा. उंच फ्रेटवर सरकत स्लाइड घेताना प्रत्येक फ्रेट बोटाला अडते हेही आहे, बुटकीवर हात कसा गुळगुळीत जातो. आणि रुंदी वेगळी गोष्ट, लोक जंबो म्हणताना रुंदी आणि उंची एकत्र करतात, ते करू नका. बाजारात २.३ रुंद आणि १.४ उंच अशी अरुंद-उंच वायर पण मिळते आणि २.७ रुंद पण फक्त ०.९ उंच अशी पसरट पण मिळते, दोन्ही हाताला पूर्ण वेगळ्या लागतात. सुराला जोराचा जो फरक पडतो तो उंचीमुळे. रुंद फ्रेटला धातू जास्त, झिजायला वेळ लागतो, बोटाला भरीव वाटते, पण वरची गोलाई सपाट झाली तर सूर कुठल्या कडेवरून निघतोय ते नक्की राहत नाही आणि तार झणझणायला लागते. सतारीत तशी झणझण, म्हणजे जवारी, मुद्दाम काढतात, गिटारला ती नको.

स्टील बसवणाऱ्याने बसवलं ते मला पटलंच. नेहमीच्या फ्रेट निकेल सिल्व्हरच्या असतात, त्यात चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त, आणि खाऱ्या हवेत, घामात, तांब्यामुळे कडेला हिरवं धरतं, किनाऱ्यावरच्या गिटारी उघडल्या की मला ते रोज दिसतं. स्टीलला तसलं काही होत नाही. धातू बरोबर निवडला, उंची मात्र वाजवणाऱ्याचा हात न बघता निवडली.

मी सांगितलं, फ्रेट खाली घेतो. तर तो म्हणाला, "तिका जमता मां? मग ऱ्हवांदे तशीच." आणि लेक म्हणाली नको, कॉयरला पप्पा वाजवतात. दोघं एकमेकांसाठी हट्ट करत बसले, मला फार बरं वाटलं ते बघून, पण निर्णय घ्यायला पाहिजे होता. सगळ्या उपटून नवीन बसवायचं माझ्या मनात नव्हतं. मानेवरच्या शिसवीच्या पट्टीतून फ्रेट काढताना, सोल्डरिंग आयर्नने तापवून काढली तरी, खाचेच्या कडा थोड्याफार उडतातच, आणि या पट्टीतून एकदा काढून झालेल्या होत्या, अजून एकदा म्हणजे खाच ढिली होणार.

म्हणून आहे त्याच घासून १.१५ पर्यंत आणायच्या ठरवल्या. पट्टीवर टेप, प्रत्येक फ्रेटच्या डोक्यावर मार्कर, सरळ पट्टीला पॉलिश पेपर लावून घासायचं, मार्कर सगळीकडून सारखा गेला की लेव्हल झाली. स्टील फार चिवट, साधी कानस बोथट होते, डायमंड कानसच लागते आणि गोलाई परत काढायला वेळ जातो, तिथे घाई केली की मघाशी सांगितलेली झणझण सुरू. फ्रेट खाली आल्या म्हणजे तारा आता फ्रेटपासून जास्त उंच झाल्या, म्हणून नटच्या खाचा खोल केल्या आणि खालची सॅडल, म्हणजे पोटावर तारा टेकतात ती पट्टी, पण तासली. हे केलं नाही तर एवढी मेहनत वाया.

तारा पण बदलल्या. त्याने ०.०१० चा सेट लावला होता, हलका म्हणून, हा आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची इंचातली जाडी. जड हाताला हलकी तार म्हणजे आणखी त्रास, जाड तार तितक्याच जोराने कमी दबते. मी ०.०१२ म्हणालो, लेकीची बोटं दुखतील म्हणून शेवटी ०.०११ वर आलो.

न्यायला दोघं एकत्र आली. त्याचा सी ५-६ सेंटवर आला, कॉर्डमध्ये कानाला लागत नाही. लेकीने वाजवून खरं ते सांगितलं, व्हायब्रॅटोला पकड आधीपेक्षा थोडी कमी वाटते, पण चालेल. तिला पुढे स्वतःची इलेक्ट्रिक घ्यायची आहे, तिच्यावर मी स्वतः १.४ उंचीची वायर टाकून देईन, तो हात त्यासाठीच आहे.

आता कॉयरची दुसरी गिटार माझ्याकडे आलीये, तीही तोच वाजवणार, फ्रेट पार गेलेल्या. तिला स्टीलचीच वायर मागवलीये, २ रुंद आणि १.१ उंच. कोणी जंबो का नाही म्हणून विचारलं तर त्याला दहा मिनिटं ट्यूनरसमोर बसवतो आणि मगच वायर दाखवतो.