एका तारखेपायी नऊ दिवस

डबल मार्करचा, म्हणजे गरोदरपणात बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी गोव्यात डिचोलीच्या बाजारात चवथीच्या माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान बघत होते. 'हाय रिस्क, १:१९०', म्हणजे १९० त एक. खाली सीमा छापलेली, १:२५०. हातातलं तोरिंगणाचं फळ तिथंच ठेवून घरी आले.

बाकी सगळं सुरळीत झालं होतं. एनटी स्कॅन, बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी, ११ ते १३ आठवडे ६ दिवसांत करतात, तो झाला, रक्तही त्याच दिवशी दिलं. सोनोग्राफीआधी गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचा फॉर्म एफ भरून सही करावी लागते, मुलगा की मुलगी ते कुणी सांगत नाही. त्यात काही त्रास नाही.

त्रास झाला तो म्हापशातल्या एका कलेक्शन सेंटरच्या काउंटरवर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट आणि स्कॅन शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "अगं, इथं १३ आठवडे १ दिवस धरलेत. स्कॅनमध्ये बाळाची लांबी ५४ मिलिमीटर, म्हणजे १२ आठवडे." माझी पाळी अनियमित. काउंटरवरच्या मुलीनं शेवटच्या पाळीची तारीख विचारून लिहून घेतली होती, स्कॅनचा कागद उघडूनही पाहिला नव्हता. या तपासणीत रक्तातले दोन घटक मोजतात: पीएपीपी-ए दिवसागणिक वाढतं, बीटा एचसीजी या काळात उतरतं. दिवस जास्त धरले की पहिलं कमी दिसतं, दुसरं जास्त, आणि धोका फुगतो. रक्त पुन्हा द्यायचं नव्हतं, फक्त आकडा बदलून गणित परत करायचं होतं.

काउंटर म्हणाला, "रिपोर्ट मुंबईहून येतो मॅडम, आमच्या हातात काही नाही." मग डॉक्टरांचं पत्र आणा. आणलं. मग स्कॅनची झेरॉक्स. ती दिली. "आज मेल करतो." आणि चवथीसाठी शटर खाली! उघडल्यावर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "पाठवलंय". सहाव्या दिवशी मी कदंबच्या बसनं पुन्हा म्हापशाला गेले, तर माझं पत्र ड्रॉवरमध्ये, वर पेढ्यांचा बॉक्स. मी तिथंच खुर्ची ओढून बसले. "माझ्यासमोर पाठवा." पाठवलं. पाच मिनिटांचं काम.

त्या दिवसांतल्या रात्रींचं काय सांगू. तीन वाजता उठून मोबाइल उघडायचा, प्रत्येक पानावर आणखी वाईट वाचायचं. शेवटी नवऱ्याला सांगितलं, रात्री मोबाइल तुझ्या उशाखाली ठेव. याचा खरंच उपयोग झाला. सासूबाईंना आधी सांगितलं नव्हतं, पण नेवऱ्या (करंज्या) करताना माझे हात थरथरताना त्यांनी पाहिले. ऐकून म्हणाल्या, "मोज गो बाय, किती झाल्या." रात्री मोजल्या, एकशे नव्वदच्या आसपास भरल्या. एवढ्या परातीतली एकच फुटकी निघायची शक्यता, म्हणजे अर्धा टक्का. आकडा तोच, पण त्या रात्री झोप लागली.

डॉक्टरांनी पुढचंही सांगून ठेवलं होतं. आकडा बदलला नाही तर एनआयपीटी, आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणारी चाचणी. ती १० आठवड्यांनंतर कधीही होते, त्यामुळे थांबल्यानं काही बिघडत नव्हतं. तिथंही शंका राहिली तर १५ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी. पक्कं निदान त्यातून होतं, डबल मार्कर आणि एनआयपीटी हा अंदाज. हे काउंटरवर कुणी सांगत नाही. प्रश्न कागदावर लिहून न्या, खुर्चीत बसलं की सगळं विसरायला होतं.

नवव्या दिवशी सुधारलेला रिपोर्ट आला: १:१४००. मी न्हाणीघरात जाऊन रडले. काउंटरवरून फोन, "बघा मॅडम, उगाच घाबरलात." उत्तर दिलं नाही, फोन ठेवला. १९ व्या आठवड्याचा अॅनोमली स्कॅन, बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी, नीट झाला.

आणि हो, फॉर्मवर वजनही खरं लिहा, तेही गणितात धरतात. माझं त्यांनी अंदाजानंच लिहिलं होतं, तेही त्याच पत्रात दुरुस्त करून घेतलं.